एनपीए झालेल्या कर्जाचा फ्लॅट लिलावाआधी घेताना

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपातली एक चौकट येते, वर 'ताबा सूचना' असं शीर्षक. घर शोधणारा माणूस ती ओलांडून पुढे जातो, एजंट मात्र तीच कापून ठेवतो. चौकटीत ज्याचं कर्ज एनपीए (90 दिवस हप्ते थकलेलं कर्ज) ठरलं त्या कर्जदाराचं नाव, फ्लॅटचं वर्णन, चतुःसीमा, मागणी नोटिशीची तारीख आणि रक्कम असते. शेवटी, या मिळकतीचा व्यवहार कोणी करू नये, केल्यास तो बँकेच्या बोजासह राहील, असा जनतेला इशारा. तो वाचून बहुतेकांना वाटतं, संपलं, आता हा फ्लॅट लिलावातच मिळणार. पण ताबा सूचना आणि लिलावाची सूचना यांच्यामध्ये काही आठवडे, कधी काही महिने जातात. त्या काळात मूळ मालकाकडूनच घर घेता येतं. अट एवढीच की आधी थकबाकीचं काय करायचं ते बँकेशी लेखी ठरलेलं असावं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. अमेरिकेत 'फोरक्लोजर' म्हणजे बँकेने घर काढून घेणं. आपल्याकडे बँकेत जाऊन 'फोरक्लोजर लेटर द्या' म्हटलं की कारकून संपूर्ण कर्ज एकरकमी फेडायचा आकडा छापून देतो. दोन्ही अर्थ डोक्यात ठेवून बोलणारे लोक बँकेत हमखास चुकीचा कागद घेऊन बाहेर पडतात. नुसती थकबाकी भरून खातं पुन्हा चालू करायचं असेल तर बँकेच्या भाषेत 'खातं रेग्युलराइज करणं' म्हणा. दोन्ही आकडे वेगळे, दोन्हींचे परिणाम वेगळे, आणि मागायचे दोन्ही.

दुसरा फरक कायद्याचा आहे. कॅलिफोर्नियात लिलावाच्या 5 कामकाजी दिवस आधीपर्यंत फक्त थकलेले हप्ते आणि खर्च भरून कर्ज पूर्ववत करून घेण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. तिकडे राहून इकडे आईवडिलांसाठी फ्लॅट बघणारे आपले लोक तोच हक्क इथे गृहीत धरतात. सरफेसी कायदा, 2002 हा बँकेला कोर्टात न जाता गहाण मिळकत ताब्यात घेऊन विकू देणारा कायदा, आणि त्यात तसा हक्क नाही. कलम 13(2) ची नोटीस निघाली की बँकेने संपूर्ण कर्ज परत मागितलेलं असतं, आणि कलम 13(8) मध्ये कर्जदाराला वाचवणारी तरतूद आहे ती सगळी रक्कम खर्चासह भरण्याची. नुसते थकलेले हप्ते घेऊन पुढची कारवाई थांबवायची की नाही, हे बँकेच्या मर्जीवर. बहुतेक बँका घेतात, कारण एनपीए कमी झालेला त्यांनाही हवाच असतो. पण 'घेतात' आणि 'घ्यावंच लागतं' यात जेवढं अंतर आहे, तेवढीच तुमची जोखीम.

म्हणून पहिलं काम कॅलेंडर मांडण्याचं. समजा, हप्त्याची तारीख 5 आणि 5 जानेवारीचा हप्ता चुकला. त्या दिवशीचं कामकाज बँकेच्या संगणकात बंद होताना खातं थकीत धरलं जातं. 30 दिवस सलग थकलं की एसएमए-1 (एनपीएआधीचा इशाऱ्याचा वर्ग), 60 दिवसांनी एसएमए-2, आणि 90 दिवस भरले की 5 एप्रिलला एनपीए. त्यानंतर 13(2) ची मागणी नोटीस, तिला 60 दिवसांची मुदत. या मुदतीत कर्जदाराने लेखी म्हणणं मांडलं तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. हे उत्तर पुढे उपयोगी पडतं, म्हणून विकणाऱ्याकडे ते मागून घ्या. 60 दिवस संपले की 13(4) खाली ताबा. हा बहुधा सांकेतिक असतो: दारावर नोटीस चिकटवतात आणि 7 दिवसांच्या आत दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यांतलं एक स्थानिक भाषेतलं. घरात माणसं राहतच असतात. प्रत्यक्ष ताबा घ्यायला बँक कलम 14 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते, मुंबईत मुख्य महानगर दंडाधिकाऱ्यांकडे. आदेश झाला की तहसीलदार किंवा नेमलेला अधिकारी पोलीस घेऊन येतो. मग लिलावाची सूचना, पहिल्या विक्रीसाठी 30 दिवसांची.

या सगळ्यात तुमच्या दृष्टीने एकच तारीख निर्णायक: लिलावाची सूचना छापून येण्याची. 2016 च्या दुरुस्तीपूर्वी कर्जदार विक्री होईपर्यंत पैसे भरून मिळकत सोडवू शकत असे. दुरुस्तीनंतर हा हक्क लिलावाची सूचना प्रसिद्ध होण्याआधीपर्यंतच उरला. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये सेलिर विरुद्ध बाफना मोटर्स या प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. तिथे लिलावात 105 कोटी 5 लाखांची बोली लागली होती आणि कर्जदार 129 कोटी भरायला तयार होता. उच्च न्यायालयाने त्याला परवानगी दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. बँकेला 24 कोटी जास्त मिळत असतानाही मिळकत लिलावात घेणाऱ्याचीच राहिली. तेव्हा लिलावाची जाहिरात आलेली असेल आणि विकणारा 'मॅनेजरशी बोलणं झालंय, आपण आजही भरू शकतो' म्हणत असेल, तर बयाणा खिशातच ठेवा. जाहिरात आली की नाही हे विकणाऱ्याच्या तोंडून ऐकू नका. सरकारी बँकांचे लिलाव बँकनेट पोर्टलवर दिसतात, खासगी बँका आणि गृहवित्त कंपन्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकतात, आणि बँकेच्या प्राधिकृत अधिकाऱ्याला पत्र देऊन विचारता येतं.

प्राधिकृत अधिकारी हा शब्द लक्षात ठेवा. खातं एनपीए झालं की शाखेचा मॅनेजर त्यातून जवळजवळ बाहेर पडतो. निर्णय वसुली विभागाकडे जातो, आणि नोटिशीवर ज्याची सही असते तो प्राधिकृत अधिकारीच खरा माणूस. घरी येणारा वसुली एजंट गोड बोलतो, 'साहेबांशी सेटिंग करून देतो' म्हणतो. त्याला काहीही ठरवण्याचा अधिकार नसतो. त्याच्या हातात रोख सोडाच, चेकही द्यायचा नाही. कर्ज एखाद्या मालमत्ता पुनर्रचना कंपनीला विकलं गेलं असेल तर बँकेचं पत्र कामाचं नाही. कर्ज कोणत्या कराराने, कोणत्या तारखेला हस्तांतरित झालं ते पाहून त्या कंपनीकडूनच सगळे कागद घ्यायचे.

बँक तुमच्याशी थेट बोलणार नाही, कारण खातं तुमचं नाही. सगळ्या कर्जदारांच्या आणि सहकर्जदारांच्या सहीचं, 'अमुक व्यक्तीला माझ्या खात्याची माहिती द्यावी' असं पत्र सोबत लागतं. सहकर्जदार कुठे आहे हेही इथेच कळतं. घटस्फोट चालू असलेलं जोडपं, परदेशी गेलेला भाऊ, वारलेले वडील. कर्जदार वारल्यामुळे हप्ते थांबले असतील तर आधी एक प्रश्न विचारा: कर्जासोबत विमा घेतला होता का? घेतलेला असतो आणि घरच्यांना माहीतच नसतं, असं होतं. दावा मंजूर झाला तर सगळं गणितच बदलतं. विमा नसेल तर वारसांचे कागद पूर्ण होईपर्यंत पुढे जाण्यात अर्थ नाही.

आता थकबाकीचा तक्ता. इथेच सर्वांत जास्त लोक घसरतात, म्हणून एक उदाहरण पूर्ण सोडवू. आकडे नमुन्याचे आहेत, पद्धत खरी. पुण्यातला फ्लॅट, ठरलेली किंमत 68 लाख. कर्ज 42 लाखांचं, 9 टक्के, 20 वर्षं, हप्ता 37,789. पाच वर्षं नीट भरलं, मग जानेवारी ते जुलै असे 7 हप्ते चुकले. विकणारा सांगतो, 'सात हप्ते, दोन लाख चौसष्ट हजार पाचशे तेवीस भरा, खातं चालू.' बँकेचा तक्ता मात्र असा निघतो: थकीत हप्ते 2,64,523. हप्ता परत गेल्याचं शुल्क, 7 वेळा 590, म्हणजे 4,130. दंडात्मक शुल्क 6,200. मागणी नोटिशीचा वकीलखर्च 8,850. ताबा सूचनेच्या दोन जाहिराती 14,160. एकूण 2,97,863.

फरक 33,340 चा. तो नंतर भरू म्हणून कोणी 2,64,523 च पाठवले तर काय होतं? बऱ्याच बँकांच्या संगणकात जमा रक्कम आधी खर्च आणि शुल्कात वळते, मग व्याज, मग मुद्दल. 33,340 वर गेले, उरले 2,31,183. त्यात सहा हप्ते बसतात, सातव्याला फक्त 4,449 मिळतात. सातवा हप्ता अर्धवट, म्हणून खातं एनपीएच. रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे: एनपीए झालेलं खातं पुन्हा 'स्टँडर्ड', म्हणजे नियमित, करायचं तर व्याज आणि मुद्दलाची संपूर्ण थकबाकी भरलेली हवी. पूर्वी काही ठिकाणी दोनतीन हप्ते भरून खातं वर घेत, ते नोव्हेंबर 2021 च्या परिपत्रकानंतर बंद झालं. म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास भरूनही तुमच्या हातात काहीच नसतं.

आणखी दोन गोष्टी या तक्त्यात दिसत नाहीत. एक, तक्त्यावरची तारीख. 28 जुलैचा तक्ता घेऊन तुम्ही 6 ऑगस्टला पैसे भरलेत तर मधे 5 ऑगस्टचा हप्ता पडला, आकडा पुन्हा 37,789 ने मागे. म्हणून पत्रात 'या तारखेपर्यंत वैध' असा उल्लेख आणि दर दिवसाच्या व्याजाचा आकडा मागायचाच. दोन, त्याच बँकेतली बाकीची कर्जं. एनपीए ठरतो तो कर्जदारावरून, नुसत्या एका खात्यावरून ठरत नाही. गृहकर्जाची थकबाकी पै-पैसा भरली, पण त्याच माणसाचं वैयक्तिक कर्ज त्याच बँकेत थकलेलं असेल, तर गृहकर्जही स्टँडर्ड होत नाही. त्यामुळे प्रश्न 'या खात्याची थकबाकी किती' असा न विचारता 'या कर्जदाराच्या सगळ्या खात्यांची थकबाकी किती, आणि ती भरल्यावर वर्गीकरण काय होईल' असा लेखी विचारायचा. टॉप-अप कर्जं (त्याच घरावर नंतर घेतलेली वाढीव कर्जं) अशीच सापडतात.

दंडात्मक शुल्काचा आकडा मात्र निमूट मान्य करू नका. आता बँकांना दंड 'शुल्क' म्हणूनच लावता येतो, व्याजदरात मिसळता येत नाही आणि त्यावर पुढे व्याज चढवता येत नाही. तक्त्यात 'दंडव्याज' म्हणून चक्रवाढीने वाढलेला मोठा आकडा दिसला तर हिशेब फोडून मागा. वसुली विभागाला शुल्कात सूट देण्याचे काही अधिकार असतात, आणि व्यवहार खरोखर होतोय असं दिसलं की तो वापरलाही जातो.

याच उदाहरणात संपूर्ण कर्जफेडीचा आकडा साधारण 39 लाख 60 हजार येतो. म्हणजे 68 लाखांच्या फ्लॅटमध्ये विकणाऱ्याचे 28 लाखांहून जास्त अडकलेले आहेत. असाच व्यवहार करण्यासारखा असतो. कर्ज किमतीच्या जवळ पोचलेलं असेल तर विकणाऱ्याला रस उरत नाही, तो सह्यांना येत नाही, फोन उचलत नाही. तिथे तडजोडीची एकरकमी रक्कम हाच मार्ग. तो वेगळा विषय आहे आणि त्यात विकणाऱ्याच्या सिबिलवर 'सेटल्ड' असा शिक्का पडतो, हे त्याला आधीच सांगावं.

मग करायचं काय, थकबाकी भरायची की पूर्ण कर्ज? तुमच्याकडे सगळे पैसे रोकडे असतील तर पूर्ण कर्ज फेडा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसतो. पण बहुतेक घेणाऱ्यांना स्वतःचं गृहकर्ज काढायचं असतं, आणि एनपीए खातं टेकओव्हर करायला (म्हणजे ते कर्ज फेडून गहाण आपल्याकडे घ्यायला) दुसरी बँक सहसा तयार होत नाही. म्हणून आधी थकबाकी भरून खातं वर आणायचं, मग टेकओव्हर. काही बँका त्यानंतरही दोनचार महिने हप्ते वेळेवर गेलेले बघायला मागतात. याला सोपा तोडगा म्हणजे विकणाऱ्याच्याच बँकेकडे कर्ज मागणं. त्यांचा एनपीए जातो, गहाण तेच राहतं, कागद एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जातात.

थकबाकी भरण्याआधी एका कागदाशिवाय पाऊल टाकायचं नाही. 13(2) ची नोटीस मिळाल्यावर कर्जदाराला बँकेच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय ती मिळकत विकता येत नाही, असं कलम 13(13) सांगतं. ही संमती नसताना केलेला नोंदणीकृत करारसुद्धा बँकेच्या कारवाईपुढे टिकवणं कठीण. संमतीपत्रात चार गोष्टी हव्यात: विक्रीला हरकत नाही, अमुक रक्कम अमुक तारखेपर्यंत आली तर कारवाई स्थगित राहील, संपूर्ण फेड झाल्यावर मूळ कागद कोणाच्या हातात दिले जातील, आणि बँकेकडे कोणते मूळ कागद आहेत त्यांची यादी. शेवटची यादी वाचताना साखळी तपासा. बिल्डरचा मूळ करार, त्याची नोंदणी पावती, मधल्या खरेदीचा करार, सोसायटीचं भागपत्र. यातला एखादा कागद बँकेकडून हरवलेला असणं फार दुर्मीळ नाही, आणि ते शेवटच्या दिवशी कळलं तर तुमची बँक धनाकर्ष (डिमांड ड्राफ्ट) परत नेते.

संमतीपत्राला वेळ लागतो म्हणून विकणारा घाई करतो: 'आधी थकबाकी भरा, खातं चालू झालं की संमतीची गरजच नाही.' यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच ते फसवं. खातं वर आलं आणि बँकेने नोटीस मागे घेतली, तर ते बंधन खरंच उठतं. पण तोवर तुमचे तीन लाख दुसऱ्याच्या कर्जखात्यात गेलेले असतात. त्याचं खातं चालू झालं, गळ्याचा फास सुटला, आणि आता त्याला 71 लाख देणारा दुसरा भेटला. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये आगाऊ दिलेल्या किमतीपुरता खरेदीदाराचा बोजा मानला आहे, पण तो बजावायला दिवाणी दावाच लावावा लागतो, आणि बँकेचा बोजा आधीचा. म्हणून क्रम असा ठेवावा: संमतीपत्र, मग नोंदणीकृत साठेखत (विक्रीखताआधीचा करार), मग थकबाकी. साठेखताला पूर्ण मुद्रांक लागतो, हे कडू आहे. पुण्यात 68 लाखांवर 7 टक्के म्हणजे 4,76,000, महिलेच्या नावावर 1 टक्का कमी, आणि नोंदणी फी 30,000. व्यवहार मोडला तर मुद्रांकाचा परतावा मिळवणं हा स्वतंत्र खटाटोप. तो धोका नको असेल तर त्रिपक्षीय करार करावा, ज्यात बँकही सही करते. बँक सही करायला तयार नसेल तर तुमची रक्कम 'नो-लियन' खात्यात ठेवायची मागणी करा. म्हणजे पैसे बँकेकडे असतात, पण ठरलेली अट पूर्ण होईपर्यंत कर्जखात्यात वळते होत नाहीत.

पैसे पाठवायचे ते थेट कर्जखात्यात, आरटीजीएसने, किंवा बँकेच्या नावाने कर्जखाते क्रमांक लिहिलेल्या धनाकर्षाने. विकणाऱ्याच्या बचत खात्यात नाही. तिथे दुसऱ्या कर्जाची वसुली टपून बसलेली असू शकते, आयकराची टाच असू शकते. प्रत्येक भरण्याचा यूटीआर (बँक व्यवहाराचा ओळख) क्रमांक करारातल्या मोबदल्याच्या तक्त्यात यायला हवा, कारण हीच रक्कम पुढे तुमच्या बँकेला 'स्वहिस्सा' म्हणून दाखवायची आहे. 68 लाखांच्या घरावर कर्ज जास्तीत जास्त 80 टक्के, म्हणजे 54 लाख 40 हजार. 13 लाख 60 हजार तुमचे आधी गेलेले दिसले पाहिजेत. थकबाकीचे 2,97,863 त्यात धरले जातात, पण कागद असेल तरच.

इथे टीडीएसची एक गंमत आहे. 50 लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घरावर घेणाऱ्याने किमतीतून 1 टक्का कर कापायचा असतो, आणि पैसे विकणाऱ्याला न देता त्याच्या बँकेला दिले म्हणून तो सुटत नाही. बँकेत तर एक रुपया कमी भरून चालत नाही. म्हणून उलटा हिशेब करायचा: 2,97,863 ही 99 टक्के रक्कम धरली तर मोबदला होतो 3,00,872. करारात तो आकडा लिहायचा आणि वरचे 3,009 टीडीएस म्हणून भरायचे. विकणारा अनिवासी भारतीय असेल तर दर खूप वर जातो. तेव्हा कमी दराचा दाखला त्याने आयकर खात्याकडून आधीच आणावा.

थकबाकी भरल्याच्या दुसऱ्या दिवशी खाते उतारा काढा. त्यात थकीत रक्कम शून्य आणि वर्गीकरण 'स्टँडर्ड' दिसलं पाहिजे. मग तीन गोष्टींच्या मागे लागायचं. पहिली, नोटीस मागे घेतल्याचं पत्र. दुसरी, कलम 14 चा अर्ज झालेला असेल तर तो बँकेच्या वकिलाने काढून घेतल्याची पोच. हे राहून गेलं तर व्यवस्था आपल्या गतीने चालत राहते, आणि तहसील कार्यालयातून ताब्याची तारीख घरी येते. विकणाऱ्याने कर्जवसुली न्यायाधिकरणात अर्ज केलेला असेल तर तोही त्याने मागे घ्यायला हवा. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण हमखास नडते: हप्त्याची खात्यातून आपोआप वजावट. हप्ते वारंवार परत गेले की ती बंद पडलेली असते. नवी मंजुरी व्हायला वेळ लागतो, 5 तारीख उलटते आणि खातं पुन्हा थकीत. टेकओव्हर होईपर्यंतचे दोनतीन हप्ते तारखेच्या चार दिवस आधी हाताने भरणं बरं.

बँकेच्या बोजापलीकडचं देणं शोधायला सेरसाईवर (गहाणांची केंद्रीय नोंदवही) मिळकतीचा शोध, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची-2 (नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि गहाणाच्या सूचनेचा शोध, आणि सोसायटीच्या कार्यालयात एक चक्कर पुरते. सोसायटीच्या कार्यालयात जास्त कळतं. ज्याचे सात हप्ते चुकलेत त्याचा देखभाल खर्च बहुधा दोन वर्षांचा राहिलेला असतो, त्यावर उपविधीप्रमाणे वर्षाला 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज. महापालिकेच्या मिळकतकरावर दरमहा 2 टक्के शास्ती. सेक्रेटरीकडे आलेल्या टपालात पतसंस्थेचं जप्तीपत्रही सापडू शकतं. ते सापडलं तर थांबा. पतसंस्थेला सरफेसी लागू नाही. ती सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला घेऊन नियम 107 खाली वसुली अधिकाऱ्यामार्फत विक्री करते. तिथलं वेळापत्रकही वेगळं आहे: विक्री झाल्यावरसुद्धा 30 दिवसांच्या आत थकबाकी आणि लिलावात घेणाऱ्यासाठी खरेदी किमतीच्या 5 टक्के रक्कम भरून विक्री रद्द करून मागता येते. सहकारी बँकांचं मात्र तसं नाही. त्यांना सरफेसी लागू होतो, हे मुरगूडच्या सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2020 मध्ये कायम केलं.

प्रत्यक्ष ताबा बँकेकडे गेलेला असेल तर कुलूप-सील काढताना पंचनामा होतो. ताबा घेतानाच्या पंचनाम्यात सामानाची यादी असते. ती सोबत ठेवून विकणाऱ्याच्या समोर सामान मोजून घ्या. सुरक्षारक्षकाचा रोजचा खर्च थकबाकीत चढत असतो, त्यामुळे अशा घरात आठवडा वाया घालवणंही महाग पडतं.

टेकओव्हरच्या दिवशी उदाहरणातलं शिल्लक कर्ज साधारण 36 लाख 55 हजार असेल. तेवढ्या रकमेचा धनाकर्ष तुमची बँक जुन्या बँकेच्या नावाने काढते, उरलेले 17 लाख 85 हजार विकणाऱ्याला. धनाकर्ष जमा झाल्यावर मूळ कागद लगेच हातात पडत नाहीत, ते मुख्य साठवण केंद्रातून येतात. संपूर्ण फेडीनंतर 30 दिवसांत कागद परत देणं बँकेवर बंधनकारक आहे आणि तिच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. पण ही भरपाई कर्जदाराला मिळते, तुम्हाला नाही, म्हणून कागद थेट तुमच्या बँकेला देण्याचं पत्र विकणाऱ्याकडून आधीच सही करून जुन्या बँकेत दाखल करा. विक्रीखताची नोंदणी झाली की सेरसाईवरचा जुना बोजा बँकेने उतरवला का ते पुन्हा एकदा शोधून पाहा, आणि सोसायटीच्या नोंदवहीत जुन्या बँकेचं नाव लाल शाईने लिहिलेलं असतं, ते बँकेच्या ना-हरकत पत्रावरून सेक्रेटरीकडून खोडून घ्या.